काबूलचा फरहाद आणि करडीचा ड्रम

मी एक जुना साइड ड्रम आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात एकदा कोंबडीने पिल्लं काढली होती. हसू नका. ज्या वाद्याला कोणी वाजवत नाही, त्याचं असंच काहीतरी होतं. ती पिल्लं अलगद उचलून ज्याने टोपलीत ठेवली आणि मला मांडीवर घेतलं, त्या माणसाची गोष्ट मला सांगायची आहे. माझी गोष्ट त्याच्या गोष्टीला चिकटलेली आहे, म्हणून आधी ती थोडक्यात सांगतो.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. पत्रा गोल वाकवून, सांध्याला डाग देऊन माझं अंग घडवलं. वर आणि खाली पातळ पांढरं पान ताणलं. पान म्हणजे काठी पडते तो पडदा. खालच्या पानाला बारीक तारांची एक पट्टी लावली. काठी पडली की या तारा थरथरतात आणि माझा आवाज 'ढुम' असा न येता 'कडाड' असा येतो. त्या तारांचा मला फार अभिमान होता, अजूनही आहे.

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडी गावचे वासुदेवराव मला घ्यायला आले. घरी धानाची शेती, पण जीव सगळा क्लॅरिनेटमध्ये. त्यांची बँड पार्टी होती. लाल कोट, सोनेरी पट्टे आणि लग्नसराईत एकही दिवस मोकळा नाही. मला वाजवायचा सुखराम. तो चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला होता. दिवसभर जमिनीखाली अंधार आणि सुरुंगांचे धडाके. वर आला, आंघोळ केली की मला गळ्यात अडकवायचा आणि म्हणायचा, "आता मले माह्या मनचा आवाज करू द्या रे बाप्पा!"

काय दिवस होते ते! जवाहरनगरला दारूगोळा कारखान्याच्या कॉलनीत वरात असली की मजाच. तिथे साऱ्या देशाची माणसं राहतात. एकाला बंगाली चाल हवी, दुसऱ्याला पंजाबी, तिसऱ्याला आपली विदर्भाची. वासुदेवराव सगळं वाजवायचे आणि सुखराम सगळ्यांना नाचवायचा. एका नवरदेवाच्या आजोबांनी तर खूश होऊन आपला फेटा काढून मलाच बांधला होता. सुखराम तो फेटा बांधलेला ड्रम वाजवत अख्खं तुमसर फिरला.

मग डीजे आला. मोठमोठे भोंगे एका गाडीवर चढवले की झालं. कोणाला कोट नको, सराव नको. हळूहळू वासुदेवरावांकडे वरातीचं आमंत्रण येणं बंद झालं. सुखराम निवृत्त झाला आणि लेकीकडे राहायला गेला. जाताना त्याने मला कपड्याने पुसलं. मला गोठ्याच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. उंदराने खालचं पान कुरतडलं. वासुदेवरावांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी मला उलटा करून माझ्यात लसूण ठेवला. लसूण संपला तशी एक तांबडी कोंबडी येऊन बसली. तिचं ऊब देणं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण पाऊस पत्र्यावर तडतडला की माझ्या तारा उगीच थरथरायच्या.

अशा दिवसांत पोळा झाल्यावर एका दुपारी वासुदेवरावांचा मुलगा कैलाश एका पाहुण्याला घेऊन आला. उंच, गोरा, गालफडं बसलेली, हातात एकच पिशवी. त्याचं नाव फरहाद. घर अफगाणिस्तानातल्या काबूल शहरात.

कैलाश आणि फरहाद नागपूरला एका कॉलेजात शिकले होते. अफगाणिस्तानातून तेव्हा बरीच मुलं शिकायला यायची. गॅदरिंगमध्ये कैलाश ढोलकी वाजवायचा आणि फरहाद ड्रम. शिक्षण झाल्यावर फरहाद परत गेला. त्याच्या वडिलांकडे जॅझ नावाच्या संगीताच्या जुन्या रेकॉर्डी होत्या. त्या ऐकत तो वाढला होता. त्याने चार मित्र जमवले. कोणी पियानो, कोणी सॅक्सोफोन, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा फरहादचा ड्रम. लोक त्याला नावाने ओळखू लागले. मुलं शिकायला येऊ लागली.

पुढे तिथलं राज्य बदललं. नव्या राज्यकर्त्यांनी वाद्यांवर बंदी घातली. एके दिवशी बंदुकी घेतलेली माणसं त्यांच्या सरावाच्या खोलीत आली आणि त्यांनी फरहादच्या डोळ्यांदेखत त्याचा ड्रमसेट फोडला. चारही मित्र चार दिशांना गेले. फरहादच्या आईने, तिला तो मादरजान म्हणतो, त्याला सांगितलं, "तू जा. मला म्हातारीला कोण काय करणार?" तो निघाला तेव्हा त्याच्या बाहीत लपवलेली एकच गोष्ट होती. ड्रमवर फिरवायचे तारांचे दोन ब्रश.

दिल्लीत तो एका भट्टीवर नान भाजायचा. ड्रमला हात लावला नाही. कैलाशला हे कोणाकडून तरी कळलं, तसा त्याने फोन केला. "काहून बे, दिल्लीत एकटा काय करून राहिला? घर आहे ना आपलं. ये ना इकडे."

आणि तो आला. भंडाऱ्याला पोलिसांच्या कचेरीत आपली नोंद करून आला आणि वासुदेवरावांच्या घरात राहू लागला. धानाच्या बांधीतलं गवत काढायचा, गुरांना पाणी दाखवायचा, चुलीवर तव्यापेक्षा मोठी रोटी भाजून चंद्रभागाबाईंना थक्क करायचा. हसायचा सुद्धा. पण दार कोणी जोरात वाजवलं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा.

चंद्रभागाबाईंना एकदा त्याच्या पिशवीतले ते ब्रश दिसले. बारीक तारांचा पंखा आणि त्याला रबराची मूठ.

"फराद," त्या म्हणाल्या. त्यांना फरहाद म्हणताच येत नव्हतं. "हा कायचा झाडू आहे रे? जात्याखालचं पीठ झाडाले चांगला दिसून राहिला."

फरहादने ब्रश दोन्ही हातांनी परत घेतले. "माई, ये झाडू नहीं. ये मेरा बाजा है."

"झाडूचा बाजा?"

"हां माई."

चंद्रभागाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग ब्रश त्याच्या हातातून परत घेतले, पदराने पुसले आणि देवाच्या फळीवर नेऊन ठेवले. "बाजा असन तं पायात येऊ देऊ नाही," त्या म्हणाल्या.

वासुदेवराव मात्र त्याच्या मागेच लागले. "कैलाश म्हणते, तू लय भारी वाजवतं. आमाले बी आयकव ना."

"बाबूजी, हाथ भूल गए," फरहाद म्हणायचा आणि बादली उचलून विहिरीकडे जायचा.

मित्रांनो, हात कधी विसरत नाहीत. ते घाबरलेले असतात.

नवरात्राच्या आधीची एक सकाळ. अंगणात चंद्रभागाबाई आणि त्यांची सून हर्षा तांदूळ पाखडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? आधी तांदूळ वर उडतो आणि 'झप' असा परत पडतो. मग सूप आडवं हलतं आणि दाणे 'सुर्र' करत सरकतात. झप, सुर्र. झप-झप, सुर्र. सासू आणि सून यांची लय सारखी नव्हती. सासूची संथ, सुनेची जराशी पुढे पळणारी. दोन्ही मिळून असा काही झुलता ठेका झाला होता की खोलीतल्या माझ्या तारा कोंबडीखाली शहारल्या.

फरहाद ओसरीवर चहा पीत होता. त्याचा कप ओठांजवळच थांबला. मग त्याच्या डाव्या पायाची टाच हलू लागली. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. टाच हलली, मग गुडघा, मग दोन बोटं मांडीवर. तो एकदम उठला, देवाच्या फळीवरचे ब्रश घेतले आणि एक रिकामी पितळी परात उलटी करून त्या दोघींच्या समोर बसला. परातीवर त्याने ब्रश फिरवला. सुर्र, झप. सुर्र, झप-झप.

हर्षाचं सूप थांबलं.

"थांबो नको, भाभी," फरहाद म्हणाला. "थांबो नको!"

ते त्याचं पहिलं मराठी वाक्य. अर्धं हिंदी, पण मी ते मराठीच धरतो. त्या सकाळी तांदूळ दोनदा, तीनदा पाखडले गेले. शेवटी चंद्रभागाबाई म्हणाल्या, "अरे, आता यात खडा तं सोड, धूळ बी उरली नाही!" आणि सगळे हसू लागले. हसता हसता फरहादने डोळे पुसले.

"बाबूजी," तो म्हणाला, "एखादा ड्रम आहे काय?"

वासुदेवराव त्याला खोलीत घेऊन आले. फरहादने कोंबडीला सलाम केला. खरंच केला! पिल्लं एकेक करून टोपलीत ठेवली. मला मांडीवर घेऊन त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला, वाकलेले स्क्रू पाहिले, तारांवरून बोट ओढलं. मी इतक्या वर्षांनी 'छर्र' असा बोललो. तो म्हणाला, "जिंदा है."

कैलाशने नागपूरहून नवीन पानं आणली. ती फार गुळगुळीत होती, त्यांवर ब्रश नुसता घसरायचा. मग फरहादने सुताराकडून पॉलिश पेपर आणून माझं वरचं पान घासून घासून खरखरीत केलं. गुदगुल्या झाल्या, पण त्यानंतर ब्रश माझ्या अंगावर असा बोलू लागला, जसा वारा वाळलेल्या धानातून बोलतो. बँडचा जुना मोठा ढोल आडवा करून त्याला पायाने वाजवायचा दांडा लावला. तुमसरच्या वेल्डरने तो सायकलच्या पायडलपासून करून दिला. बँडच्या झांजा काठीवर टांगल्या. असा आमचा संच तयार झाला.

आता वासुदेवरावांना राहवेना. त्यांनी क्लॅरिनेट काढलं. पण त्यांचे दात पडले होते आणि नवी कवळी फुंकताना हलायची. पहिल्या दिवशी सुराबरोबर कवळी बाहेर आली. चंद्रभागाबाई हसून हसून जमिनीवर बसल्या. दोन-चार दिवसांत वासुदेवरावांनी ओठ घट्ट धरायची नवी रीत शोधून काढली.

"पण हे तुझं जॅझ म्हणजे असते तरी काय?" त्यांनी विचारलं.

फरहाद विचार करत म्हणाला, "बाबूजी, गाणं सगळ्यांचं एक. पण मधे प्रत्येक जण आपली गोष्ट सांगतो. एक विचारतो, दुसरा जवाब देतो."

"हात्तिच्या! म्हणजे आमच्या खडी गंमतीतला सवाल-जवाब!"

"हो, तेच!" फरहाद म्हणाला आणि दोघांनी टाळी दिली. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशाच.

करडीला दिवाळीनंतर मंडई भरते. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, गुरं राखणारे गोवारी नाचतात, जिलबीच्या कढया चढतात, आकाशपाळणे फिरतात आणि गंमतीचे फड रंगतात. वासुदेवरावांनी मंडईच्या मंडळाकडे जाऊन दुपारची वेळ मागून घेतली. मंडळातला एक जण म्हणाला, "मंडईच्या गोंगाटात तुमचा तो झाडू कोणाले आयकू येणार, वासुदेवराव?" तरीही वेळ मिळाली.

मंडईच्या दिवशी आम्हाला स्टेजवर मांडलं. फरहादने पांढरा सदरा घातला होता. तेवढ्यात मागच्या बाजूला पोरांनी फटाक्यांची मोठी लड लावली. तड तड तड तड! लड संपली आणि पाहतो तर फरहाद जागेवर नव्हता. स्टूल आडवं पडलं होतं.

कैलाश त्याला पाळण्याकडे शोधायला धावला. वासुदेवराव क्लॅरिनेट घेऊन तसेच उभे. लोक ओरडू लागले, "चालू करा ना बे!" मी स्टेजवर उन्हात पडून होतो. वाटलं, संपलं. पुन्हा गोठ्याशेजारची खोली.

फरहादला शोधलं चंद्रभागाबाईंनी. तो स्टेजच्या मागे, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, डोकं गुडघ्यात घालून बसला होता. मध्ये फक्त एक कनात होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

त्या त्याच्या बाजूला बसल्या. मग म्हणाल्या, "फटाके होते बाप्पा. पोट्टे वाजवतेत दिवाळीचे."

"मालूम आहे, माई. हाताले मालूम नाही." फरहाद म्हणाला. "तिथं वाजवणं गुन्हा होता, माई. गुन्हा."

"हो काय?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मंग माहं आयक. इथं साऱ्या गावाले बोलावून, सोयऱ्यांले जेवू घालून, ढोल मांडून जो वाजवत नाही ना, त्याचा गुन्हा होते. मंडईतून उपाशी जाऊ देतीन, पण न आयकता नाही जाऊ देणार तुले कोनी!"

मग फरहादचं हसणं ऐकू आलं. आधी नाकातून, मग मोठ्याने.

तो स्टेजवर आला. स्टूल उभं केलं. घामेजलेले हात सदऱ्याला पुसले आणि ब्रश माझ्यावर टेकवले. सुर्र, झप. सुर्र, झप-झप.

"आवाज येऊन नाही राहिला!" मागून कोणी ओरडलं.

फरहादने आवाज वाढवला नाही. उलट आणखी हळू केला. इतका हळू की पुढच्या रांगेतल्या बायांनी माना पुढे काढल्या. त्यांनी मागच्यांना गप्प केलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. जिलबीवाल्याने झारा थांबवला. पाळणेवाल्याने पाळणा थांबवला. मित्रांनो, मी कितीतरी वराती पाहिल्या, कडाडलो, गर्जलो. पण माझ्यासाठी एवढी मोठी मंडई गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. भर दुपारी माझ्या पानावरून तारा फिरण्याचा आवाज शेवटच्या दुकानापर्यंत गेला.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "अवं, हे तं सूप पाखडून राहिला!" आणि तिने टाळी धरली. सगळ्या बायांनी धरली. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. ती लय त्यांच्या मनगटात होतीच. कैलाशची ढोलकी आत आली. तिने काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं. मी विचारलं, तिने उत्तर दिलं. वासुदेवरावांनी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्याची चाल क्लॅरिनेटवर धरली. हर्षाला राहवलं नाही. ती पदर खोचून स्टेजवर चढली आणि तिने ते गाणं उचललं. मग फरहादने ब्रश ठेवून काठ्या घेतल्या आणि मला असा कडाडवला की सुखरामची आठवण झाली. गोवारी नाचत स्टेजपुढे आले. मंडळातला तो माणूस सगळ्यांच्या मध्ये नाचत होता.

त्या दिवसापासून आम्ही थांबलेलो नाही. साकोलीची मंडई, पवनीची मंडई, भंडाऱ्यातलं गणपतीचं मंडळ. जवाहरनगरच्या क्लबात एका दक्षिणेकडच्या साहेबाने आपला मृदंग आणून फरहादशी दोन तास सवाल-जवाब केला. नागपूरला जॅझ जाणणाऱ्यांनी बोलावलं. दिल्लीलाही जाऊन आलो. पहिल्यांदाच विमानात बसलो आणि सामानात न टाकता फरहादने मला मांडीवर घेतलं. करडीच्या मुली आता संध्याकाळी ड्रम शिकायला येतात. वासुदेवरावांनी कोट पुन्हा शिवून घेतले. या वेळी निळे, कारण फरहादला निळा रंग आवडतो. डीजेवालासुद्धा एक दिवस गाडी थांबवून म्हणाला, "भाऊ, तुमच्या ठेक्यावर माह्या भोंग्यातून काही वाजवता येईन काय?" फरहाद म्हणाला, "ये ना, बस."

आपल्या गावी तो परत जाऊ शकत नाही. कधीकधी तो तलावाच्या पाळीवर एकटाच बसतो, तेव्हा मला ठाऊक असतं की तो इथे नाही. मी ते बदलू शकत नाही. वाजवायला घेतलं तर मी त्याच्यासोबत असतो, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात फार खटपटीनंतर मादरजानला यायची परवानगी मिळाली. ठेंगणी, गोरीपान, डोक्यावर पांढरी ओढणी. चंद्रभागाबाई आणि ती, दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. तरी पहिल्याच दिवशी दोघी चुलीपुढे बसून भात शिजवत होत्या. एक म्हणे जास्त तेल, दुसरी म्हणे जास्त तिखट, आणि दोघी आपापल्या भाषेत भांडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरहादने अंगणात खाट टाकून आईला बसवलं. मला समोर मांडलं. ब्रश घेतले आणि अगदी हळू सुरू केलं. त्याचं कारण त्यानेच नंतर सांगितलं. काबूलमध्ये शेवटच्या दिवसांत तो घरी उशीवर ब्रश फिरवायचा, आणि मादरजान खिडकीशी उभी राहून रस्त्यावर नजर ठेवायची. दर थोड्या वेळाने मागे वळून म्हणायची, "हळू, बेटा, हळू."

आता ती खाटेवर बसून ऐकत होती. कुंपणापलीकडून लोक जात होते, थांबत होते, हात हलवत होते. मादरजानने सवयीने रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिने खाटेवरून हात लांब केला, माझ्या कडेवर ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते रे?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

फरहादने काठ्या हातात घेतल्या. म्हणाला, "म्हणते, जोरात वाजव."

मित्रांनो, मी त्या सकाळी असा वाजलो की गावातले कुत्रे भुंकू लागले.

तर माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कोपऱ्यात एखादं वाद्य पडलं असेल, तर त्याच्यावरची धूळ पुसा. त्याच्या पोटात लसूण ठेवू नका. कोंबडी बसलीच असेल, तर पिल्लं मोठी होईपर्यंत थांबा. आणि तुमच्या गावात कोणी दुरून, घर सोडून आलं, तर तू कुठला, कसा आलास हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारा. तुला काय वाजवता येतं? कदाचित तो म्हणेल, हात विसरले. त्याचं लगेच खरं मानू नका. त्याला चहा द्या, अंगणात बसू द्या, आणि आपलं पाखडणं चालू ठेवा.